वन्संची तक्रारवही

माझ्या नणंदेला आमच्या अख्ख्या नात्यात भांडकुदळ म्हणतात. नऊ वर्षं मीही म्हणत होते, अर्थात पाठीमागे. तोंडावर आपलं, "वन्सं, चहा टाकू ना?" आता कुणी तसं म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून एकदा सगळं सांगूनच टाकते. यात माझीही अब्रू जाणार आहे. जाऊ दे, गेली तर गेली.

वन्सं पाणीपुरवठा खात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसतात. चोवीस वर्षं झाली. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतंय, रस्त्यात पाइप फुटलाय, मीटर बंद पडलाय. जो येईल त्याचं ऐकायचं आणि वहीत लिहायचं. बाकीचे कारकून म्हणतात, "बघतो, या उद्या." वन्सं 'बघते' म्हणत नाहीत. त्या नाव, पत्ता, वार, वेळ लिहून क्रमांक टाकतात आणि तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून माणसाच्या हातात देतात. क्रमांक पडला की वरच्या साहेबाला उत्तर द्यावं लागतं, म्हणून वरच्या साहेबांचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. तीनदा त्यांना उचलून जुन्या कागदांच्या खोलीत टाकलं आणि तीनदा परत आणलं, कारण दुसरं कुणी त्या खिडकीवर महिनाभर टिकेना. दिवसभर लोकांच्या शिव्या खायची कुणाला हौस आहे?

घरीदारीही तेच. खाणावळीत भाजी शिळी लागली की परत. रांगेत कुणी मध्ये घुसलं की, "ओ काका, आम्ही काय इथे गंमत बघायला उभे आहोत का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी चार पावलं लांब उभी राहायचे, जणू या बाई माझ्या कुणी नव्हेतच.

कारण मी शहाणी ना! मी बालवर्गाची शिक्षिका आहे. चाळीस पोरं. माझी सगळी विद्या दोन वाक्यांत मावते. एक, "हाताची घडी, तोंडावर बोट." दुसरं, "कोण शहाणं बाळ आहे बघू?" या दोन वाक्यांवर मी बारा वर्षं वर्ग चालवला आणि पाच वर्षं पोटची पोरगी वाढवली. आमची गोटी. पाच वर्षांची, गोल चेहऱ्याची, म्हणून गोटी. शेजारीपाजारी म्हणायचे, "तुमची मुलगी घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही हो." मला कोण अभिमान!

गोटी चालताना डावीकडे झुकायची. सगळ्यांनी सांगितलं, मोठी झाली की जाईल. गेलं नाही. जन्मापासून तिच्या डाव्या खुब्याचं हाड खोबणीतून सुटलेलं होतं, हे पाच वर्षांनी कळलं. ऑपरेशन झालं. तिला छातीपासून डाव्या पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घातलं, उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत, आणि दोन्ही पाय फाकलेले राहावेत म्हणून मध्ये एक आडवी काठी. बाहेर फक्त डोकं, हात, गुडघ्याखालचा उजवा पाय आणि डाव्या पायाची बोटं. बारा आठवडे. मोठे डॉक्टर म्हणाले, "हाड नीट बसलं आणि आतली कातडी शाबूत राहिली, तर मुलगी सरळ चालेल." आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून तिला मुलांच्या वॉर्डातच ठेवायचं ठरलं, खिडकीजवळच्या खाटेवर. मी बिनपगारी रजा घेतली. तिचे पप्पा छापखान्यातून सुटले की डबा घेऊन यायचे, आणि चार वाजता, खात्यातून अर्धी रजा टाकून, वन्सं.

आता त्या वॉर्डाबद्दल सांगते. भिंतीवर एक मोठा तक्ता होता. सगळ्या मुलांची नावं, आणि नावापुढे चिकटवलेल्या सोनेरी चांदण्या. इंजेक्शन घेताना जे मूल रडलं नाही, त्याला चांदणी. कूस बदलताना जे ओरडलं नाही, त्याला चांदणी. जे दिवसभर गप्प पडून राहिलं, त्याला मोठी चांदणी. दुखतंय म्हणून सांगेल त्याला काय, तर काही नाही! आणि ज्याला हा तक्ता सुचला त्याचं सगळे कौतुक करायचे. मीही केलं. तसला तक्ता माझ्या वर्गातही आहे.

गोटीच्या चांदण्या सगळ्यांत जास्त. मी तक्त्याचा फोटो काढून सगळ्या नात्यात पाठवला.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "आई, घरी कधी जायचं?" बारा आठवडे म्हणजे किती, हे पाच वर्षांच्या पोरीला कसं सांगणार? उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, "दहा चांदण्या झाल्या की." एकोणिसाव्या दिवशी दहा झाल्या. तिने केस विंचरून मागितले आणि दाराकडे बघत पडून राहिली. मी म्हटलं, "आता वीस." ती रडली नाही. रडली तर अकरावी मिळणार नव्हती.

सिस्टर रोज सकाळी एक कार्ड घेऊन यायच्या. त्यावर सहा चेहरे, हसऱ्यापासून धाय मोकलून रडणाऱ्यापर्यंत. किती दुखतंय ते मुलाने बोट ठेवून दाखवायचं. "कुठला गं आज? हसरा ना?" सिस्टर विचारायच्या. गोटी हसऱ्यावर बोट ठेवायची. फाइलमध्ये जायचं, वेदना नाही. अहो, प्रश्नातच उत्तर घातल्यावर मूल दुसरं काय सांगणार?

एका दुपारी वन्सं आल्या तेव्हा गोटीला इंजेक्शन देत होते. तिने डोळे गच्च मिटलेले, हाताची घडी, तोंडावर बोट. कपाळावर घाम. ब्र काढला नाही पोरीने.

"हे काय?" वन्संनी विचारलं.

"बघा ना, किती शहाणी आहे," मी म्हटलं.

वन्सं काही बोलल्या नाहीत. वन्सं बोलल्या नाहीत म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्या एक लांबडी, जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आल्या. खात्यात असते तशीच. पट्टीने रकाने आखलेले: क्रमांक, वार व वेळ, तक्रार, कोणाविरुद्ध, काय केलं. स्टूल ओढून त्या खाटेशी बसल्या, चष्मा लावला आणि खिडकीवर बसल्यासारख्या म्हणाल्या, "बोला, काय तक्रार आहे?"

"माझी काही तक्रार नाही," गोटी म्हणाली.

"अशी कशी नाही? चोवीस वर्षांत तक्रार नसलेलं माणूस मी बघितलं नाही. सकाळी दूध कसं होतं?"

गोटीने माझ्याकडे बघितलं. "आई, सांगू?"

मी हसून मान हलवली. मला वाटलं, खेळ आहे.

"गार होतं. आणि वर साय."

वन्संनी लिहिलं. क्रमांक एक, दूध गार, वर साय, दुधाविरुद्ध. मग उठल्या, स्वयंपाकघराशी जाऊन काय बोलल्या देव जाणे, आणि दुसऱ्या दिवसापासून दूध गरम, गाळून. गोटी त्या पेल्याकडे बघतच राहिली. बोललं की दूध गरम होतं! हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग काय विचारता, धरणच फुटलं. पंखा कुरकुरतो, पंख्याविरुद्ध. पप्पा गोष्टीचा शेवट बदलतात, पप्पांविरुद्ध. समोरच्या खाटेवरच्या मुलीचे आजोबा दुपारी घोरतात, आजोबांविरुद्ध. मोठे डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, पायाशी बोलतात, डॉक्टरांविरुद्ध. या शेवटच्या तक्रारीवर वन्संनी खरंच डॉक्टरांना गाठलं. ते हसले, पण दुसऱ्या दिवशी खाली वाकून म्हणाले, "काय म्हणतात गोटीबाई?"

आठ दिवसांत सव्वीस तक्रारी. आणि चांदण्या थांबल्या. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलगी बिघडायला लागली हो. इतकी गोड होती." माझं डोकं सणकलं. मी नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या ताईला जरा आवरा." तो म्हणाला, "तूच सांग ना. आपलेच दात, आपलेच ओठ." म्हणजे याच्याकडून काही व्हायचं नाही. शेवटी मीच जिन्यात गाठलं.

"वन्सं, तुमची सवय तुमच्यापाशी ठेवा. माझ्या मुलीला भांडखोर करू नका."

"वहिनी, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "ही आई तर रडू नको म्हणते."

मी फणकाऱ्याने निघून आले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

सोमवारी गोटीने सांगितलं, "आत मुंगी चावते. डाव्या टाचेला. एकच मुंगी आहे, पण सारखी चावते." वन्संनी लिहिलं, क्रमांक सत्तावीस, सोमवार, चार वाजून वीस मिनिटं. सिस्टरना बोलावलं. सिस्टर म्हणाल्या, "अहो, प्लास्टरमध्ये सगळ्यांनाच खाजतं. आणि हे बघा, सकाळी तिने स्वतः हसरा चेहरा दाखवलाय."

आणि मी? मी गोटीच्या कानाशी लागून म्हटलं, "मुंगीला सांग, आमची गोटी शहाणी आहे, ती लक्ष देत नाही." माझ्या पर्समध्ये वर्गातल्या चांदण्या होत्या. त्यातली एक तिच्या हातावर चिकटवली.

मंगळवारी परत मुंगी. क्रमांक अठ्ठावीस. सिस्टर म्हणाल्या, "शुक्रवारी मोठे डॉक्टर बघतीलच." बुधवारी चार वाजता वन्सं आल्या आणि वही उघडली तर गोटी म्हणाली, "मुंगी झोपली. आता काहीच कळत नाही टाचेत."

मला इतका आनंद झाला! "बघा वन्सं, गेली की नाही मुंगी? उगाच बाऊ."

वन्संचा चेहरा उतरला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, एखाद्या गल्लीतून रोज तक्रार येते आणि एक दिवस अचानक थांबते, तेव्हा तिथे पाणी आलेलं नसतं. मी जाऊन बघितलंय. लोक थकलेले असतात." आणि त्या वही काखोटीला मारून उठल्या.

ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, समोसा खात होता. "शुक्रवारी बघू ना मावशी," तो म्हणाला. वन्संनी वही त्याच्या टेबलावर ठेवली. "बघा शुक्रवारी. फक्त इथे सही करा. सोमवारी चार वीसला तक्रार, मंगळवारी परत तक्रार, बुधवारी टाचेला काही कळत नाही, हे मला समजलं आणि मी शुक्रवारी बघणार आहे. खाली नाव, तारीख."

"सही कशाला?"

"मग शुक्रवारी कशाला?"

मी दारात उभी. नेहमीसारखी चार पावलं लांब. तो म्हणाला, तुम्ही आवाज चढवू नका. वन्संनी आवाज चढवलाच नव्हता. त्या पेन पुढे धरून नुसत्या उभ्या होत्या. दहा मिनिटं. तेवढ्यात दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि एक पेशंट जमा झाले. शेवटी तो तणतणत उठला आणि प्लास्टर कापायचं यंत्र मागवलं. सही करायची भीती वाटली त्याला, पोरीच्या पायाची वाटली नव्हती!

प्लास्टरच्या खोलीबाहेर आम्ही दोघी बाकावर बसलो. आतून यंत्राची घरघर. वन्सं समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मीही आठ महिने शहाणी होते."

त्यांचं लग्न आठ महिन्यांत मोडलं, हे मला माहीत होतं. का मोडलं, हे नऊ वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. मी काय, कुणीच नाही. "घरी पत्र लिहायचे," त्या म्हणाल्या, "मी मजेत आहे, काळजी नसावी. सगळे म्हणायचे, पोरीने नाव काढलं. परत आले तेव्हा आई म्हणाली, आधी का नाही बोललीस? आता काय सांगणार तिला, तूच शिकवलंस म्हणून?" एवढंच बोलल्या.

टाचेपाशी चौकोन कापला आणि वास बाहेरपर्यंत आला. प्लास्टरची एक कड आत वळून टाचेवर दाबत होती. रुपयाएवढी कातडी काळी पडलेली. कातडी मेली म्हणून मुंगी झोपली होती. मोठे डॉक्टर धावत आले, बघितलं, म्हणाले, "अजून दोन दिवस गेले असते तर हाडापर्यंत पोचलं असतं. मग पायाचं मी काही सांगू शकलो नसतो." मग माझ्याकडे वळून, अगदी समजुतीने, म्हणाले, "मुलीने आधी सांगायला हवं होतं."

अहो, काय बोलावं या माणसांना! माझ्या आयुष्यात मी कुणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "तिने सांगितलं होतं! सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं! तुमच्या सिस्टरनी ऐकलं नाही, तुमच्या कार्डाने ऐकलं नाही, मी ऐकलं नाही! पोरीचं काय काढता?" वन्सं माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. फाइलमध्ये 'पालकांनी उशिरा कळवले' असं लिहिलेलं होतं, ते वन्संनी वहीतल्या वेळा दाखवून खोडायला लावलं. तक्ता मी स्वतः उतरवला, खिळ्यासकट. कुणी मला अडवलं नाही.

नवीन प्लास्टर, टाचेला खिडकी ठेवलेलं. रोज जखम धुवायची. बाराचे एकोणीस आठवडे झाले. भेटायला येणारे नातेवाईक म्हणायचे, "अगंबाई, किती ओरडते ही, आधी अशी नव्हती." मी म्हणायचे, "हो, आधी गप्प होती, म्हणूनच टाच सडली. चहा घेणार का?" मी कानाला खडा लावला होता, पुन्हा पोरीला गप्प बस म्हणायचं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय काडीसारखे, त्वचा कोरडी, सोललेली. दोन लाकडी दांड्यांमध्ये तिला उभं करायचं होतं. व्यायाम घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या, घाई नव्हती त्यांना. वन्सं वही घेऊन भिंतीशी बसलेल्या. नवऱ्याने कधी नव्हे ती रजा घेतलेली. गोटीने दांड्या धरल्या, टाच जमिनीला टेकवली. तिचा चेहरा पिळवटला, ओठ थरथरले, आणि माझ्या तोंडून, बारा वर्षांच्या सवयीने, मला कळायच्या आधीच बाहेर पडलं, "रडायचं नाही हं! शहाणी ना तू?"

गोटी मटकन खाली बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आत्या, लिही."

वन्संनी पेन उघडलं. "बोला."

"मला दुखत होतं. रडायचं नाही म्हणाली."

"कोणाविरुद्ध?"

"आईविरुद्ध."

वन्संनी लिहिलं. नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना ताई." त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, ना नणंद, ना कुणी. खिडकीमागची बाई. "क्रमांक एकसष्ट. आपलं काय म्हणणं आहे?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी गोटीसमोर फरशीवर बसले. "चुकलं माझं," मी म्हटलं. "तेव्हाही चुकलं होतं. चांदण्यांचंही खोटं सांगितलं होतं मी तुला. दुखतं तर रड. ओरड. मी इथेच आहे."

गोटी दांड्या धरून उठली, टाच टेकवली आणि असा काही भोंगा पसरला की शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. रडत रडत एक पाऊल. नाकातोंडातून पाणी वाहतंय, दुसरं पाऊल. "दुखतंय गंऽ, दुखतंय!" तिसरं. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "हो गं राणी, दुखणारच." चौथं. सरळ. डावीकडे झुकली नाही माझी पोर. मीही रडत होते, नवरा तोंड फिरवून उभा होता.

बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. वन्सं वही घेऊन तिच्याजवळ आल्या. "काय हो, एकसष्ट नंबरची तक्रार बंद करायची का?"

गोटीने फ्रॉकला नाक पुसलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"नको," ती म्हणाली. "आई उद्या परत म्हणेल."